मुंबईत दोन-तीन दिवस: दिवसाचा पास घ्यावा की सुटी तिकिटे?

नाशिक, नागपूर, कोल्हापूरहून मुंबईला दोन-चार दिवसांसाठी येणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "असा एखादा पास आहे का, की एकदा काढला की दिवसभर कशातही बसावं?" सरळ उत्तर असं की लोकल, बस आणि सगळ्या मेट्रो यांवर मिळून चालणारा एकच दिवसाचा पास मुंबईत नाही. वेगवेगळे पास आहेत, आणि प्रत्येक पास ज्या संस्थेचा, तिच्याच गाडीत चालतो. दुसरी गोष्ट पहिल्यापेक्षा महत्त्वाची. मुंबईतलं सुटं तिकीट इतकं स्वस्त आहे की पास घेऊन पैसे वाचतीलच असं नाही. पुष्कळदा पासामुळे वाचते ती फक्त रांग. म्हणून पासाची चौकशी करण्याआधी थोडं गणित करावं लागतं. ते दहा मिनिटांचं काम आहे.

आधी कागद घ्या

ज्या ज्या ठिकाणी जायचं आहे ती दिवसवार लिहा आणि प्रत्येक टप्प्यासमोर वाहन लिहा: लोकल, बस, मेट्रो, टॅक्सी की चालत. मग वाहनानुसार वेगळी बेरीज करा. "दिवसात नऊ प्रवास" हा आकडा कामाचा नाही. "लोकलचे तीन, बसचे पाच, मेट्रोचा एक" हा कामाचा. पासाचा हिशोब नेहमी एकेका वाहनापुरता करायचा असतो, आणि नवखा माणूस नेमका इथेच फसतो. नऊ प्रवास म्हणजे पास हवाच असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात ते नऊ प्रवास तीन वेगळ्या व्यवस्थांमध्ये विभागलेले असतात आणि एकाही पासाची किंमत वसूल होत नाही.

यादी करताना चालण्याची अंतरं धरा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, काळा घोडा, जहांगीर कलादालन आणि गेटवे ही सगळी एकाच पट्ट्यात आहेत, त्यांच्यामध्ये बसची गरज नाही. चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडून सरळ पश्चिमेला चाललं की थोड्याच वेळात मरीन ड्राइव्हचा कठडा लागतो. नकाशावर लांब दिसणारी दक्षिण मुंबई पायाखाली बरीच लहान निघते.

सुट्टीचे वारही याच वेळी पाहून घ्या, नाहीतर सगळा बेत कोलमडतो. घारापुरीची लेणी आणि बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतात, भायखळ्याची राणीची बाग बुधवारी. घारापुरीची लाँच गेटवेहून सुटते. तिचं तिकीट पूर्ण वेगळं, कुठल्याही पासात ती येत नाही.

लोकल: पर्यटक तिकीट कुणासाठी?

रेल्वेचं पर्यटक तिकीट एक, तीन आणि पाच दिवसांचं मिळतं. दुसऱ्या वर्गाचा दर अनुक्रमे ७५, ११५ आणि १३५ रुपये. या तिकिटावर पश्चिम, मध्य, हार्बर आणि ट्रान्सहार्बर अशा सगळ्या उपनगरी मार्गांवर कितीही वेळा चढउतार करता येते. ते स्टेशनच्या तिकीट खिडकीवर मिळतं आणि तीन दिवस आधीही काढून ठेवता येतं. खिडकीवर फक्त "पास द्या" म्हणू नका. पास म्हटलं की तिथे महिन्याचा पास समजतात, मग ओळखपत्र मागणार, कुठून कुठे ते विचारणार आणि मागची रांग कुरकुरायला लागणार. "पर्यटक तिकीट, तीन दिवसांचं, सेकंड क्लास, दोन माणसं, आजपासून" असं एका दमात सांगा. तिकीट हातात आलं की तिथेच तारीख वाचा. खिडकी सोडल्यावर चूक दुरुस्त करून घेणं फार कठीण.

आता दरांकडे नीट पाहा. एका दिवसाला ७५, पण पाच दिवसांना १३५, म्हणजे दिवसाला २७ रुपये. तीन दिवसांचं धरलं तर दिवसाला साधारण ३८. दुसऱ्या वर्गाचं सर्वांत कमी भाडं ५ रुपये, चर्चगेट ते अंधेरी १० रुपये आणि चर्चगेट ते विरार, म्हणजे जवळजवळ ६० किलोमीटर, २० रुपये. एका दिवसात ७५ रुपये वसूल करायचे तर अंधेरीच्या अंतराचे आठ प्रवास करावे लागतील. तेवढं फिरून पाहायचं काय? तेव्हा एका दिवसाचं पर्यटक तिकीट पैसे वाचवायला घेऊ नये, हे जवळजवळ नियम म्हणून लक्षात ठेवा.

पाच दिवसांचं मात्र खरोखर उपयोगी आहे, विशेषतः लांबच्या उपनगरात नातेवाइकांकडे उतरणाऱ्यांना. विरारला मुक्काम आणि रोज चर्चगेटला येणं-जाणं असेल तर दिवसाला ४० रुपये होतात. तीन दिवसांचे १२०, म्हणजे ११५ च्या तिकिटापेक्षा थोडे जास्त. पाच दिवसांचे २००, म्हणजे १३५ च्या तिकिटात ६५ रुपये वाचले, शिवाय मधल्या दादर, ठाणे, कुर्ल्याच्या फेऱ्या फुकट. अंधेरीला उतरलेल्याचं गणित वेगळं येतं. रोज येऊन-जाऊन २० प्रमाणे पाच दिवसांचे १०० होतात. रोज आणखी एखादी लोकल धरायची असेल तरच १३५ परवडतात. दादर किंवा भायखळ्याला लॉजवर उतरलेल्याने या तिकिटाचा विचारही करू नये, त्याचे बहुतेक प्रवास ५ रुपयांचेच असतात.

पहिल्या वर्गाचं पर्यटक तिकीट दुसऱ्या वर्गाच्या तिपटीहून महाग आहे. ५ मे २०२२ पासून पहिल्या वर्गाच्या सुट्या तिकिटाचे दर निम्म्यावर आले. ज्या एखाद्या गर्दीच्या वेळी पहिला वर्ग हवा, तेवढ्यापुरतं सुटं तिकीट काढणं शहाणपणाचं.

आणि हे पक्कं लक्षात असू द्या: दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर पहिल्या वर्गाच्या डब्यात चढलात तर भाड्यातला फरक आणि वर किमान २५० रुपये दंड. पहिल्या वर्गाचा डबा नवख्याला लवकर ओळखू येत नाही, कारण गाडी तीच, रंगही पुष्कळदा तोच. फलाटावरच्या खांबांवर आणि डब्याच्या बाजूला तिरके पट्टे दिसले की तो पहिला वर्ग. एसी लोकलचं भाडं वेगळं आहे, किमान ३५ रुपये. साधं तिकीट घेऊन तिच्यात चढता येत नाही. इंडिकेटरवर एसी लिहिलेलं असतं, ते न वाचता समोर आली म्हणून गाडी पकडली की गारेगार डब्यात टीसी भेटतो. पर्यटक तिकीट लोकलपुरतंच आहे. मेल-एक्स्प्रेस त्याच फलाटाला लागली तरी तिच्यात चालत नाही.

रांगच टाळायची असेल तर

पास घेण्यामागे पुष्कळांचं खरं कारण रांग हेच असतं, आणि ते रास्त आहे. सकाळी दादरच्या खिडकीवर पाच रुपयांच्या तिकिटासाठी पंधरा मिनिटं उभं राहणं कुणाला परवडतं? पण रांगेला पासाशिवाय दोन उपाय आहेत. एक, रेल्वेचं रेलवन अॅप. दोन, स्टेशनातली एटीव्हीएम, म्हणजे आपलं आपण तिकीट काढायची यंत्रं, जिथे स्थानक निवडून यूपीआयने पैसे देता येतात.

अॅपचं तिकीट स्टेशनाबाहेर असतानाच काढा. फलाटावर किंवा रुळांजवळ उभं राहून काढू गेलात तर अॅप नकार देतं. मोबाइल कुठे आहे हे ते पाहतं आणि टीसी दिसल्यावर तिकीट काढणाऱ्यांना आळा घालण्यासाठीच ही सोय केलेली आहे. अॅप गावाहून निघतानाच उतरवून घ्या, नोंदणी आणि पैशांची सोय घरच्या वायफायवर करून टाका. स्टेशनाबाहेर उन्हात उभं राहून ओटीपीची वाट पाहणं हा मुंबईतला सर्वांत निरर्थक वेळ. आणि मोबाइल बंद पडला तर तिकीट नाही असंच धरलं जातं. दुपारनंतर चार्जिंग पाहत जा.

बेस्ट: इथे पास खरोखर जमू शकतो

बेस्ट म्हणजे मुंबईची शहर बससेवा. तिच्या दिवसभराच्या पासाची किंमत ९ मे २०२५ च्या भाडेवाढीत ६० वरून ७५ रुपये झाली. त्याच वेळी साध्या बसचं किमान भाडं १० आणि एसी बसचं १२ रुपये झालं. टप्पे असे:

साधी बस: ५ किलोमीटरपर्यंत १०, १० पर्यंत १५, १५ पर्यंत २०, २० पर्यंत ३० रुपये.
एसी बस: ५ किलोमीटरपर्यंत १२, १० पर्यंत २०, १५ पर्यंत ३०, २० पर्यंत ३५ रुपये.

पास कधी वसूल होतो ते यावरून काढता येतं. जवळजवळच्या ठिकाणी एसी बसने फिरत असाल तर सहा प्रवासांचे ७२ होतात, सातव्याला पास फायद्यात. साध्या बसने आठव्याला. पाच ते दहा किलोमीटरचे टप्पे एसीने असतील तर चारच प्रवासांत ८० होतात. आणि दहाच्या पुढचे लांब टप्पे असतील तर तिसऱ्या प्रवासालाच पास वसूल झाला. म्हणजे बेस्टचा पास दक्षिण मुंबईत दोन-दोन किलोमीटरच्या उड्या मारणाऱ्यापेक्षा कुलाबा ते वांद्रे, वांद्रे ते जुहू असे लांब टप्पे बसने करणाऱ्याला जास्त लाभतो. आता एवढ्या लांब बसने जायचं तर ट्रॅफिकमध्ये दीड तास जातो, ही दुसरी बाजू. पण ज्यांना लोकलची चढउतार झेपत नाही, सोबत वयस्क माणसं आहेत आणि खिडकीतून शहर बघत जायचं आहे, त्यांच्यासाठी हा पास मुंबईतला सर्वांत चांगला सौदा आहे.

पास बेस्टच्या तिकिटांच्या 'चलो' अॅपवर मिळतो. चलो कार्डावरही घेता येतो, पण दोन दिवसांसाठी कार्डाच्या फंदात पडण्यात अर्थ नाही. बसमध्ये चढल्यावर पास उघडून कंडक्टरच्या यंत्रावर दाखवायचा. पास असला तरी प्रत्येक बसमध्ये दाखवावा लागतोच. स्क्रीनशॉट काढून ठेवला आणि तो दाखवला तर चालत नाही, अॅपच उघडावं लागतं. हा पास एका माणसाचा. एका मोबाइलवर एक पास घेऊन मागे उभ्या असलेल्या तिघांना "हे माझ्याबरोबर" म्हणता येत नाही.

पास नको असेल तर सुटे पैसे जवळ ठेवा. १२ रुपयांच्या तिकिटाला ५०० ची नोट काढली की कंडक्टरचा चेहरा बघण्यासारखा होतो.

ठाण्याची टीएमटी, नवी मुंबईची एनएमएमटी, मीरा-भाईंदरच्या बसगाड्या या वेगळ्या संस्था आहेत. त्यांच्या बसगाड्या मुंबईच्या रस्त्यांवर बेस्टच्याच थांब्यांवर थांबतात, म्हणून घोटाळा होतो. चढताना बसवरचं नाव वाचा, बेस्टचा पास तिथे चालणार नाही. एसटीचा "आवडेल तेथे प्रवास" पास घेऊन महाराष्ट्र फिरत मुंबईत आलेल्यांचाही हाच गैरसमज होतो. तो पास एसटीचा, बेस्टमध्ये त्याचा उपयोग नाही.

मेट्रो: नाव एक, घरं तीन

मेट्रोची तिकिटं एकमेकांत चालतील असं नवख्याला वाटणं साहजिक आहे. पण मुंबईत सध्या तीन वेगळ्या कंपन्या मेट्रो चालवतात.

मेट्रो १ म्हणजे वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर, जून २०१४ पासूनची. पूर्व-पश्चिम जाणारी ही छोटी पण फार कामाची लाइन. भाडं १० ते ४० रुपये. पाहुण्याला ती दिवसातून दोनदा लागली तर लागली, सुटं तिकीटच बरं.

मेट्रो २अ आणि ७ एकाच कंपनीच्या. दहिसरहून एक लिंक रोडने अंधेरी पश्चिमेला उतरते, दुसरी पश्चिम द्रुतगती महामार्गावरून गुंदवलीला. यांच्यावर एका दिवसाचा अमर्याद प्रवासाचा पास ८० रुपयांना आणि तीन दिवसांचा २०० रुपयांना आहे. २० रुपयांचे चार प्रवास केले की ८० बरोबरीत येतात, ३० रुपयांचे तीन केले की दहा रुपये वाचतात. पण खरा प्रश्न वेगळाच: या लाइनवर पाहुणा दिवसातून चार वेळा कशाला बसेल? बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव हा राहणाऱ्यांचा पट्टा आहे. लग्नाची खरेदी, एखादी परीक्षा, रुग्णालयातल्या माणसाकडे दिवसातून दोनदा डबा नेणं, अशा कामाला आलेल्यांनी हा पास जरूर घ्यावा. मुंबई पाहायला आलेल्यांनी नको.

पाहायला आलेल्यांची मेट्रो म्हणजे ३, भुयारी. आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, आचार्य अत्रे चौकापर्यंत मे २०२५ मध्ये आणि कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्ये. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, भाडं १० ते ७० रुपये. विमानतळाची दोन्ही टर्मिनलं, सिद्धिविनायक, वरळी, सायन्स सेंटर, मुंबई सेंट्रल, सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस), हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन ही सगळी तिच्या वाटेवर आहेत. काळा घोड्याला जायचं तर हुतात्मा चौकात उतरा. लोकलच्या मानाने भाडं जास्त, पण एसी, बसायला जागा मिळण्याची बरी शक्यता आणि वेळेचा नेम, हे पाहता दिवसातला एखादा लांब टप्पा हिच्यावर करायला हरकत नाही.

मेट्रो ३ ची एक अडचण वर असतानाच सोडवावी लागते. जमिनीखाली मोबाइलला नेटवर्क मिळेलच याची खात्री नसते. अॅपवरून तिकीट काढायचं तर रस्त्यावरच काढा आणि क्यूआर कोड उघडून ठेवा, मग जिना उतरा. खाली गेटसमोर उभं राहून गोल फिरणाऱ्या चिन्हाकडे बघणारे पाहुणे रोज दिसतात. काउंटरचं कागदी तिकीट असतंच. ते घ्या आणि बाहेर पडेपर्यंत जपून ठेवा, कारण बाहेरच्या गेटलाही ते दाखवावं लागतं. स्थानकं खोल आहेत, वर-खाली जाण्यातही वेळ जातो. दोन थांब्यांच्या अंतरासाठी मेट्रोत उतरण्यापेक्षा वरून बस धरली तर लवकर पोहोचाल.

एका मेट्रोतून दुसरीत जाताना मरोळ नाक्याला १ आणि ३, डी. एन. नगरला १ आणि २अ, गुंदवलीला ७ आणि १ जोडल्या आहेत. पण जोडलेल्या म्हणजे पूल किंवा वाट आहे इतकंच. २अ-७ च्या पासाने १ चं गेट उघडत नाही, ३ चंही नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या मुंबई वन अॅपवर लोकल, मेट्रो आणि बस अशी अकरा सेवांची तिकिटं एकाच ठिकाणी काढता येतात. वेगवेगळी अॅप ठेवण्यापेक्षा पाहुण्याला हे सोयीचं. मात्र तिकिटं एका जागी मिळणं आणि सगळीकडे चालणारा एक पास मिळणं यांत फरक आहे. पैसे प्रत्येक टप्प्याचे पडतातच.

एक दिवस मांडून पाहू

दादरला लॉजवर मुक्काम, एका दिवसात दक्षिण मुंबई आणि दोन देवस्थानं. दादर ते सीएसएमटी लोकल ५ रुपये. सीएसएमटी ते गेटवे एसी बस १२. तिथून काळा घोडा आणि संग्रहालय चालत. चर्चगेटपर्यंत बस १२, दमला नसाल तर चालतच. मरीन ड्राइव्ह पाहून चर्चगेट ते महालक्ष्मी लोकल ५. इथे स्लोच गाडी धरा, फास्ट महालक्ष्मीला थांबत नाही आणि मुंबई सेंट्रलहून सरळ दादरला नेऊन सोडते. महालक्ष्मी स्टेशन ते हाजी अली बस १२. हाजी अली ते सिद्धिविनायक १२. सिद्धिविनायक ते दादर १२.

बेरीज: लोकल १०, बस ६०, एकूण ७० रुपये. म्हणजे सगळा दिवसच बेस्टच्या पासापेक्षा किंवा एका दिवसाच्या पर्यटक तिकिटापेक्षा स्वस्त झाला. याच दिवसात बसचे आणखी दोन प्रवास वाढले, म्हणजे संध्याकाळी शिवाजी पार्कला जाऊन-येऊन झालं, तर बसचे ८४ होतात आणि बेस्टचा पास ९ रुपयांनी स्वस्त पडतो. फरक एवढाच असतो. ज्यांना प्रत्येक बसमध्ये सुटे पैसे शोधायचा कंटाळा येतो त्यांनी पाच-दहा रुपये जास्त गेले तरी पास घ्यावा, त्यात गैर काही नाही. फक्त बचत म्हणून घेतोय अशा समजुतीत राहू नये.

चौघे असाल तर टॅक्सीचाही भाव लावा

पास आणि तिकीट दोन्ही माणशी असतात, टॅक्सीचं भाडं गाडीचं असतं. एवढं साधं गणित कुटुंबं विसरतात. फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं ३१ रुपये आणि रिक्षाचं २६ रुपये आहे. चार मोठी माणसं एसी बसने दीड किलोमीटर गेली तरी ४८ रुपये होतात, टॅक्सीने ३१. सीएसएमटी ते गेटवे हे अडीच किलोमीटरचं अंतर टॅक्सीने पन्नासच्या आसपास पडतं, म्हणजे बसच्या बरोबरीत, आणि सामानासह दारात. चौघांसाठी बेस्टचे चार पास म्हणजे ३०० रुपये. एवढ्यात छोट्या टॅक्सीफेऱ्या बऱ्याच होतात. मीटरनेच जा आणि बसण्याआधी "मीटर?" एवढं विचारा.

रिक्षा वांद्र्याच्या आणि सायनच्या दक्षिणेला येत नाहीत. दादरला उतरून रिक्षा शोधत बसू नका.

रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, पाच ते बारापर्यंत अर्धं. दोन मोठे आणि दोन लहान अशा कुटुंबाने हिशोब करताना हे धरलं तर लोकलचा पास आणखीच महाग दिसायला लागतो.

तारीख आणि वार

एका दिवसाचा पास म्हणजे २४ तास नव्हे, ती तारीख. मध्यरात्रीला तो संपतो. दुपारी चारला गाडीतून उतरून त्याच दिवसाचा पास काढला तर अर्ध्याहून जास्त पैसे गेले. संध्याकाळी पोहोचणाऱ्यांनी त्या दिवशी सुटी तिकिटं वापरावीत आणि तीन किंवा पाच दिवसांचं पर्यटक तिकीट दुसऱ्या दिवसाच्या तारखेपासून काढावं. आगाऊ काढण्याची सोय त्यासाठीच आहे. परतीच्या दिवसाचंही तसंच: दुपारची गाडी असेल तर तो दिवस पासात धरूच नका.

रविवारी आणखी एक गोष्ट. देखभालीसाठी लोकलवर मेगाब्लॉक असतो. कधी मध्य, कधी हार्बर, पश्चिमेला जम्बोब्लॉक. साधारण सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत काही टप्प्यांत गाड्या बंद, कमी किंवा स्लो मार्गावरून वळवलेल्या असतात. ब्लॉक कुठे ते आदल्या दिवशी जाहीर होतं, शनिवारच्या वर्तमानपत्रात मिळतं. लोकलवर भिस्त ठेवलेला दिवस रविवारी येत असेल तर ते पाहून मगच पर्यटक तिकिटाची सुरुवात कुठल्या तारखेला करायची ते ठरवा.

कामाच्या दिवशी सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे जाणाऱ्या आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ उत्तरेकडे जाणाऱ्या लोकलमध्ये नवख्याने सामान घेऊन चढू नये. यात भित्रेपणा नाही, चढताच येत नाही आणि चढलात तर हव्या त्या स्टेशनला उतरता येत नाही. त्या वेळी उलट्या दिशेने फिरा: सकाळी राष्ट्रीय उद्यान आणि त्यातली कान्हेरी लेणी, दुपारनंतर शहर. मोठ्या बॅगा असतील तर गर्दीच्या वेळा टाळा. अमर्याद प्रवासाचा पास खिशात असूनही चार तास एकाही गाडीत शिरता आलं नाही, असं या वेळांत सहज होतं.

जाताजाता पुणे

मुंबईहून पुण्याला जाणाऱ्यांसाठी तिथलं गणित थोडं वेगळं. पीएमपी, म्हणजे पुण्याची शहर बससेवा, हिच्या दिवसभराच्या पासाचे दर जून २०२५ मध्ये वाढले: पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या हद्दीपुरता ७० रुपये, पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेशाच्या, संपूर्ण क्षेत्रासाठी १५० रुपये. बसचं भाडं पाच किलोमीटरला १०, दहाला २० असं चढतं, त्यामुळे शहरात दहा किलोमीटरच्या आसपासचे चार प्रवास झाले की ७० चा पास फायद्यात. मुंबईपेक्षा तो लवकर वसूल होतो, कारण पुण्यात पाच रुपयांची लोकल हाताशी नाही. बरंचसं फिरणं बसनेच होतं. मात्र सिंहगड पायथा, लोणावळ्याकडची गावं अशा हद्दीबाहेरच्या ठिकाणी ७० चा पास चालेल असं गृहीत धरू नका. पास काढताना कंडक्टरला शेवटचं ठिकाण सांगा आणि मगच पैसे द्या.

पुणे मेट्रोचा एका दिवसाचा पास १०० रुपयांचा आहे. सर्वांत लांबच्या प्रवासाचं भाडं ३५ रुपये. तीन लांब प्रवास केले तर पाच रुपये वाचतात. शनिवार-रविवारी तिकिटावर ३० टक्के सवलत असते, त्या दोन दिवशी तेही वाचत नाहीत.